बास मासेमारी : आमिष, रॉड आणि इतर साधनांची निवड

गोड्या पाण्यातील बास मासा गळाने पकडण्यासाठी कृत्रिम आमिष, गळ, दोर, रॉड आणि रीळ यांची एकमेकांशी घातलेली जुळणी. येथे बास म्हणजे मूळचे उत्तर अमेरिकेतील, मायक्रॉप्टेरस प्रजातीतील मासे. त्यांत मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ, लहान तोंडाचा स्मॉलमाउथ आणि ठिपकेदार स्पॉटेड बास हे प्रमुख होत. सनफिश कुलातील या माशांचे समुद्री बासशी जवळचे नाते नाही. नवशिका बहुधा आधी रॉड घेतो आणि मग त्याला शोभेल असे आमिष शोधतो. खरा क्रम याच्या उलट आहे. मासा कुठे आहे यावरून आमिष ठरते, आमिषाच्या गळावरून दोर आणि रॉड ठरतात, रीळ सर्वांत शेवटी येते.

बास दबा धरून शिकार करतो. लार्जमाउथ पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, धक्क्यांच्या सावलीत थांबतो. स्मॉलमाउथला दगडगोटे आणि थंड, स्वच्छ पाणी मानवते आणि क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा कवचधारी जीव, हे त्याचे आवडते खाद्य आहे. भक्ष्य जवळ आले की बास झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढतो. आत आलेली वस्तू खाण्यासारखी नाही असे जाणवताच तितक्याच चटकन ती बाहेर टाकतो. साधनांच्या निवडीतला बराचसा खटाटोप या आत घेणे आणि बाहेर टाकणे यांच्यामधल्या क्षणासाठी असतो. गढूळ पाण्यात माशाला नजरेपेक्षा शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेचा आधार असतो, कारण पाण्यातली कंपने तिच्यामुळे कळतात. म्हणून तिथे फिरत्या पात्यांचे किंवा खुळखुळणारे आमिष चालते. पाणी थंड असेल तर माशाची पचनक्रिया आणि हालचाल दोन्ही मंदावतात, त्यामुळे आमिषही सावकाश चालवावे लागते.

कृत्रिम आमिषांचे ढोबळ वर्गीकरण खोलीनुसार करता येते. पृष्ठभागावर ओढताना पाणी उडवणारे पॉपर, कृत्रिम बेडूक आणि डावी-उजवीकडे वळत जाणारी लांबट आमिषे चालतात. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ हवा हा त्यांचा काळ. त्याखाली क्रँकबेट येते. त्याच्या तोंडाशी प्लास्टिकचा एक ओठ असतो, ओढताना त्यावर पाण्याचा दाब येऊन आमिष थरथरत खाली जाते. ओठ आखूड आणि उभा असेल तर ते उथळ पाण्यात राहते, लांब आणि आडवा असेल तर खोल जाते. दोर जितका बारीक तितकी खोली वाढते. क्रँकबेट मोकळ्या पाण्यातून सरळ ओढत आणण्यात फारसा अर्थ नाही. ते दगडावर किंवा बुंध्यावर आपटून अचानक दिशा बदलते, त्याच क्षणी मासा धरण्याची शक्यता सर्वाधिक असते. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी 1936 मध्ये कोरलेल्या आमिषाचे यशही अशाच निरीक्षणातून आले. थव्यातला अडखळत पोहणारा मासा शिकारी मासे हेरून पकडतात, हे पाहून त्यांनी आमिषाला तशी चाल दिली.

गवताच्या वरून आणि कडेने फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट न्यावे, तळावर जिग, म्हणजे धातूच्या वजनदार डोक्याचा गळ. पण एकच आमिष ठेवायचे तर ते मऊ प्लास्टिकचा किडा असावा. 1949 मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी तो घडवला आणि बास मासेमारीचा नूर बदलला, कारण आता दाट गवतात, फांद्यांत, जिथे मासा खरोखर असतो तिथेच आमिष टाकता येऊ लागले. त्यासाठीची टेक्सास रिग ही जुळणी नीट बांधणे हे कसब आहे. गोळीच्या आकाराचे वजन दोरात ओवताना त्याचे निमुळते टोक रॉडकडे ठेवतात. नंतर मानेशी दुमडलेला गळ बांधतात. गळाचे टोक किड्याच्या डोक्यात सुमारे अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचे, गळ अर्धा फिरवून त्याची दोर बांधलेली कडी किड्याच्या डोक्यात ओढून घ्यायची आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगात लपवायचे. किडा सरळ लोंबला पाहिजे. तो जराही वाकडा बसला तर ओढताना गरगर फिरतो आणि दोराला पीळ पडतो. वजन साधारण 3.5 ते 14 ग्रॅम पुरते. पाण्यावर गवताची जाड साय असेल तर ती भेदायला 28 ग्रॅम किंवा अधिक लागते. मासे बुजलेले असतील आणि पाणी नितळ असेल, तर उलट दिशेने जावे. ड्रॉप शॉटमध्ये वजन दोराच्या शेवटी आणि गळ त्याच्या वर वीतभर किंवा हातभर असतो, त्यामुळे लहानसे आमिष तळापासून अधांतरी थरथरत राहते.

रंगाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. लार्जमाउथच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि दुसरी लालला संवेदनशील. नितळ पाण्यात पारदर्शक, मातकट हिरवे, नैसर्गिक रंग आणि गढूळ पाण्यात काळे-निळे किंवा भडक पिवळसर हिरवे, एवढे पथ्य पुरे. आमिष योग्य खोलीवर, योग्य वेगाने जाणे रंगाहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

दोर तीन प्रकारचे. नायलॉन ताणला जातो आणि फारसा बुडत नाही, म्हणून पृष्ठभागावरच्या आमिषांना बरा. फ्लुरोकार्बन बुडतो, कमी ताणतो आणि पाण्यात कमी दिसतो, कारण त्याचा अपवर्तनांक सुमारे 1.42 म्हणजे पाण्याच्या 1.33 च्या जवळ आहे. विणलेला ब्रेडेड दोर जवळपास ताणतच नाही, त्यामुळे गवतातून मासा ओढून काढायला तोच हवा. नितळ पाण्यात त्याच्या टोकाला फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडतात. कोणतीही गाठ आवळण्याआधी ओली करावी, कोरड्या घर्षणाने दोर तिथेच कमजोर होतो.

रॉड निवडताना ताकद आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. वाक म्हणजे तो कुठे वाकतो ते. फास्ट रॉड टोकाशी वाकतो, मॉडरेट रॉड मध्यापर्यंत. जुळणीचे मर्म येथे आहे आणि दुकानातल्या रॉडच्या चकाकीत नेमके तेच निसटते. टेक्सास रिगचा जाड, एकेरी गळ आधी प्लास्टिकमधून आरपार जायचा असतो आणि मग माशाच्या जबड्यात रुतायचा असतो, त्याला ताठ, फास्ट रॉड आणि जोरदार झटका लागतो. क्रँकबेटचे तीन टोकांचे गळ बारीक तारेचे आणि उघडे असतात. तिथे तोच ताठ रॉड वापरला तर आमिष माशाच्या तोंडातून वेळेआधी हिसकले जाते किंवा लागलेला गळ फाटून निघतो. म्हणून क्रँकबेटसाठी मॉडरेट वाकाचा, अनेकांच्या मते फायबरग्लासचा रॉड. तळावरची बारीक चाहूल हातापर्यंत पोहोचावी म्हणून जिग आणि किड्यासाठी ग्रॅफाइट. सुरुवातीला एकच संच घ्यायचा तर सुमारे 2.1 मीटर लांबीचा, मध्यम ताकदीचा, फास्ट वाकाचा स्पिनिंग रॉड, म्हणजे फेकताना चकरी न फिरणाऱ्या रीळाचा रॉड, घ्यावा. हलकी आमिषे त्याने सहज फेकता येतात.

जड आमिषे आणि जाड दोर यांसाठी बेटकास्टिंग रीळ, म्हणजे फेकताना दोराबरोबर चकरी फिरणारे रीळ, अधिक चांगले, मात्र ती चकरी आमिषापेक्षा वेगाने फिरली की दोराचा गुंता होतो. उपाय सोपा आहे. आमिष बांधून रॉड आडवा धरावा, बटण दाबून आमिष खाली सोडावे. ते हळूहळू उतरेल आणि जमिनीला टेकताच चकरी थांबेल, इतपत चकरीचा ताण आवळावा. आमिष बदलले की हा ताण पुन्हा जुळवावा लागतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर किती जोराला सुटेल हे ठरवणारा रीळाचा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे.

महागड्या साधनांनी मोठा मासा मिळतोच असे नाही. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जियातील माँटगोमरी लेकमध्ये कृत्रिम आमिषावर सुमारे 10.09 किलोचा विश्वविक्रमी लार्जमाउथ पकडला. त्याची बरोबरी झाली ती थेट 2009 मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांच्या हातून, आणि तीही ब्लूगिल हा लहान मासा जिवंत आमिष म्हणून लावून. जपानमध्ये हा मासा 1925 मध्ये आशी सरोवरात बाहेरून आणून सोडलेला, आज तिथे तो उपद्रवी परकी जाती मानला जातो. याउलट अमेरिकेत बास स्पर्धांचे आयोजक रे स्कॉट यांनी 1972 मध्ये स्पर्धांतील मासे जिवंत परत सोडण्याची मोहीम सुरू केली. मासा सोडायचा असेल तर गळाचे उलटे काटे पक्कडीने चेपावेत आणि बारीक दोराचा हट्ट धरून त्याला दमेपर्यंत झुंजवू नये.

वजनाच्या धातूचा प्रश्नही यातलाच आहे. दोरापासून तुटलेले शिसे गिळून लून पक्षी मरतात, म्हणून अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात 28 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने आणि जिग गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे. पर्याय टंगस्टनचा. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम, शिशाची 11.3, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी बरीच लहान होते, गवतातून सहज निसटते आणि तळ दगडाचा आहे की चिखलाचा हे हाताला अधिक स्पष्ट कळते. किंमत मात्र शिशाच्या कैकपट पडते.