रिसर्च प्रोजेक्ट मॅनेजर: हे पद आलं कुठून?

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात 2004 ते 2007 या काळात 134 गावं घेऊन एक प्रयोग झाला. काही गावांत लसीकरणाचं शिबिर दर महिन्याला नेमानं भरायचं. काही गावांत शिबिर होतंच, शिवाय प्रत्येक डोसामागे किलोभर डाळ आणि सगळे डोस पुरे झाले की स्टीलच्या थाळ्या मिळायच्या. उरलेल्या गावांत नवं काहीच नव्हतं. पूर्ण लसीकरण झालेली मुलं या शेवटच्या गटात 6 टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत 18 आणि डाळवाल्या गावांत 39 टक्के निघाली. लस नको असं बहुतेकांचं नव्हतंच. ‘आज नाही, उद्या जाऊ’ चाललं होतं, आणि डाळीनं तो ‘उद्या’ मोडला.

या प्रयोगाच्या शोधनिबंधावर नावं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांची. पण कुठल्या मुलाला कितवा डोस मिळाला, थाळ्या कुणाच्या घरी गेल्या, कुठल्या घराला कुलूप होतं म्हणून तिथं परत जायचंय, हा हिशेब कुणीतरी रोज ठेवायला लागतो. वर्तनविज्ञानातला, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात आणि का, याच्या अभ्यासातला प्रोजेक्ट मॅनेजर या हिशेबातून घडला.

मुंबईचाही यात वाटा आहे. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पाहणी 2001 ते 2003 दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात झाली. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पोरांना वर्गाबाहेर घेऊन रोज दोन तास शिकवायची. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, हे 2019 च्या नोबेलनंतर आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालं.) 2003 मध्ये एमआयटीत गरिबीवरचे उपाय अशा प्रयोगांतून तपासणारी जे-पाल ही प्रयोगशाळा निघाली आणि अशा प्रयोगांची संख्या वाढत गेली. प्राध्यापक एक, प्रयोग पाच देशांत. मग प्रत्यक्ष जागेवर जबाबदार माणूस हवाच.

कामाची एक मुळी मात्र जुनी आणि आपलीच आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस बंगालात तागाच्या पिकाचं सर्वेक्षण करताना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या पाठवत. आकडे जुळले नाहीत की गडबड उघडी पडे. आज फिल्डवर ज्याला ‘बॅक-चेक’ म्हणतात, म्हणजे काही घरांत दुसरा माणूस पाठवून निवडक प्रश्न पुन्हा विचारणं, तो या पद्धतीचा नातू म्हणायला हरकत नाही.

पदाला खरं वजन आलं ते एका घोटाळ्यानं. गाडी किती चालली हे विचारणाऱ्या विम्याच्या अर्जावर सही आधी घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असं सांगणारा 2012 चा एक गाजलेला निबंध होता. 2021 मध्ये त्याची मूळ एक्सेल फाइल तपासली, तर निम्मे आकडे कॅलिब्री फॉण्टमध्ये आणि निम्मे कॅम्ब्रियात, म्हणजे मागून भर घातल्याची खूण! गाड्या किती मैल धावल्या याचे आकडे बनावट होते. निबंध मागे घ्यावा लागला. कच्चा डेटा कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद ठेवणं म्हणजे नुसती कारकुनी नाही, हे तेव्हा भल्याभल्यांना पटलं.

या खुर्चीपर्यंत येणारे बहुतेक अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राचे पदवीधर असतात. दोन-तीन वर्षं रिसर्च असोसिएट म्हणून गावोगाव फिरायचं, स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायचं, सर्वेक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, मग बढती. दुसरी वाट सर्वेक्षक, सुपरवायझर, फिल्ड मॅनेजर अशी चढते. दार कसं उघडून घ्यायचं हे या लोकांना जास्त कळतं, पण इंग्रजी ईमेल आणि पदवीपाशी त्यांची वाट बहुतेकदा अडते.