चंद्राचं खळं: वीतभर की अंगठाभर?

चंद्राभोवती कडं दिसलं की वऱ्हाडात ‘खयं पडलं’ म्हणतात आणि पाऊस येणार म्हणून वावरातली तूर झाकायची घाई सुरू होते. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात. प्रकाश खरोखर वाकतो तो त्यातल्या एकीतच.

हात पूर्ण लांब करून वीत ताणा, अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळी कड्याला टेकली तर ते मोठं खळं, 22 अंशांचं. खूप उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे षटकोनी कण असतात. प्रकाश कणाच्या एका बाजूने शिरतो आणि मधली बाजू सोडून पुढच्या बाजूने निघतो. या दोन बाजूंत 60 अंशांचा कोन, बर्फाचा अपवर्तनांक (तो प्रकाश किती वाकवतो याचं माप) 1.31, हिशेबाने प्रकाश किमान 22 अंश वाकतोच. कण कसेही फिरलेले असोत, बराचसा प्रकाश या किमान कोनापाशीच गोळा होतो. त्याहून कमी वाकणारा किरण नसल्याने कड्याच्या आतलं आभाळ काळपट दिसतं. तांबडा सगळ्यांत कमी वाकतो, म्हणून तो आतल्या काठाला.

चंद्राला चिकटलेलं, अंगठा-दोन अंगठे रुंदीचं वलय असेल तर ते दुसरं. मध्ये निळसर पांढरं, बाहेर तांबूस: रंगांचा क्रम उलटा. इथे प्रकाश पाण्याच्या बारीक थेंबांच्या कडेने पसरतो; हे विवर्तन. थेंब 20 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तर पहिलं काळं कडं सुमारे 2 अंशांवर, 10 मायक्रॉनचे असले तर 4 अंशांजवळ. म्हणजे वलय आकसत गेलं तर थेंब मोठे होत आहेत. लहानमोठे थेंब मिसळले की रंग पुसट होतात.

फसगत होते ती चष्म्याच्या धुळीने, नाहीतर मोबाइलने. फोटोत चंद्राभोवती नुसता पांढरा गोळा येतो. विजेच्या खांबाआड चंद्र झाका. कडं टिकलं तर ते आभाळातलं, गेलं तर काचेतलं. सूर्याचं खळं पाहतानाही सूर्य आधी खांबाआड घ्या, उघड्या डोळ्यांनी नको.

आणि तूर? मोठं खळं एवढंच सांगतं की वर बर्फाचा ढग आहे. पुष्कळदा तो तसाच निघून जातो. खळं विरत जाऊन चंद्र घासलेल्या काचेआडून दिसल्यासारखा झाला, तर ढग जाड होत खाली येतोय. तुरीवर ताडपत्री तेव्हा टाका.