काविळीचं ऊन वेगळं, व्हिटॅमिन डीचं ऊन वेगळं

माझी मुलगी जानेवारीत झाली, माहेरी साताऱ्याला. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले तर आजी म्हणाली, "रोज सकाळी कोवळ्या उन्हात धर गं तिला, कावीळ पण उतरेल आणि हाडं पण बळकट होतील." डॉक्टरांनी तपासून कावीळ साधी आहे, लाईटखाली ठेवायची गरज नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे मी रोज आठ वाजता तिला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसायचे, बाहेर गार वारं म्हणून काच लावलेली, आणि ऊन मिळतंयच तर आणखी औषध कशाला म्हणून व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स महिनाभर दिलेच नाहीत. दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा कळलं की त्या खिडकीतून तिला डी जवळजवळ मिळालंच नव्हतं. आपण "कोवळं ऊन" हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो, गोंधळ तिथेच होतो.

आधी कावीळ. बाळाच्या रक्तातल्या जुन्या लाल पेशी फुटल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि नवजात बाळाचं लिव्हर अजून कच्चं असल्यामुळे ते पटकन बाहेर टाकलं जात नाही. यावर काम करतो तो उन्हातला निळा प्रकाश, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा. तो कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि मग ते शी-शूवाटे निघून जातं. हे लक्षात कसं आलं ते मला फार आवडतं: इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या, आणि १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं ज्याचं अंग फिकं झालेलं पण चादरीचं टोक जिथे पडलं होतं तेवढाच तुकडा गडद पिवळा राहिलेला. हॉस्पिटलात बाळाला निळ्या लाईटखाली ठेवतात त्याची सुरुवात ही.

आता व्हिटॅमिन डी. ते तयार होतं यूव्हीबी किरणांमुळे, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांच्या एका प्रकारामुळे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर, हे डोळ्यांना दिसतच नाहीत. कातडीत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो, त्याच्यावर हे किरण पडले की डी बनायला सुरुवात होते आणि पुढचं काम लिव्हर आणि किडनी करतात. फरक इथे आहे बघा: निळा प्रकाश खिडकीच्या काचेतून आत येतो, यूव्हीबी काचेतच अडतो. आणि सकाळी सूर्य खाली असतो, किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून येताना यूव्हीबी वाटेतच संपतो. सोपी खूण म्हणजे सावली. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी फारसं बनत नाही, म्हणजे आपलं आवडतं आठचं कोवळं ऊन डीसाठी फार कमी कामाचं.

ही दोन्ही कामं खरंच वेगळी आहेत याचा पुरावा नायजेरियातल्या एका अभ्यासात आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे उन्हात मांडव घालून वर असा पातळ पडदा लावला की जो यूव्ही किरण अडवतो आणि निळा प्रकाश खाली येऊ देतो, आणि साध्या ते मध्यम काविळीत तो मशीनच्या लाईटइतकाच कामाला आला. पण तिथे नर्स ताप बघत होत्या, रक्त तपासत होत्या. घरच्या खिडकीत किती प्रकाश पडला ते मोजता येत नाही, बाळाला उघडं ठेवलं तर ते गारठतं, आणि बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून डॉक्टरांनी लाईट सांगितला असेल तर "दोन दिवस ऊन देऊन बघू" असं कृपा करून करू नका.

मग बाळाला बाराच्या उन्हात न्यायचं का? नाही हो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हापासून लांबच ठेवा असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, कातडी फार नाजूक असते. बाळासाठी डी म्हणजे ड्रॉप्स, रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं माप), पहिल्या काही दिवसांपासून वर्षभर. आईच्या दुधात बाकी सगळं असतं पण डी फार कमी असतं, यात आईची काही चूक नाही. बाटलीवर मात्र नीट वाचा, काही ड्रॉप्स एका एमएलला ४०० आययूचे असतात आणि काही ८०० चे. घरात मोठ्यांसाठी आणलेली ६०,००० ची पुडी बाळाला अजिबात देऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर जातं.

दुपारचं ऊन उपयोगी आहे ते आईला. पोटातल्या बाळाला डी आईकडूनच मिळतं, तिच्याकडे कमी तर बाळ जन्मतःच कमी घेऊन येतं आणि पुढे मुडदूस, म्हणजे हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार, होण्याची भीती राहते. आपल्याकडे बाई सातव्या महिन्यात माहेरी येते, जास्त बाहेर पडत नाही, मग सव्वा महिना खोलीत, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ऊन बंद! सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ज्या कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्यात प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू डी असतं, दिवसाला दोन, आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चालू ठेवायच्या. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लंडनकडे राहणाऱ्या आपल्या मुलींनो, तुमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च उन्हातून पुरेसं डी मिळतच नाही, तिथे रोज ४०० आययू घ्यायला सांगतात ते ऐका.

आणि काविळीचं एक राहिलंच. पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांतच दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, तर त्याच दिवशी दाखवा. दोन आठवड्यांनंतरही पिवळं असेल आणि शी पांढुरकी, शू गडद होत असेल तर पित्ताच्या नळीचा आजार असू शकतो, त्याचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर जास्त चांगलं होतं, त्यामुळे लंगोट बदलताना शीचा रंग रोज बघा.