बिनव्याजी व्यवहार आणि मोबाइलवरची खतावणी, कोकणातील

व्याज (रिबा) वर्ज्य मानून भांडवल, माल व उधारी सांभाळण्याची इस्लामी पद्धत आणि तिला लागणारी हिशेबनोंद. श्रीवर्धन, दाभोळ, रत्नागिरी या पट्ट्यातील कोकणी मुस्लिमांच्या मासळी, आंबा, किराणा अशा छोट्या धंद्यांशी तिचा संबंध येतो.

व्याजाने पैसे देणाऱ्याला धंद्यात काय उरले हे पाहावे लागत नाही. भागीदारीत मात्र चोख हिशेबाशिवाय वाटणीच होत नाही. मुदारबा करारात भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची. भाऊ आखातात, दुकान गावात, ही इथली ओळखीची मांडणी त्यात चपखल बसते. नफ्याचे प्रमाण आधी ठरते. ठरावीक रकमेची हमी चालत नाही. तोटा भांडवलदार सोसतो, चालवणाऱ्याची मेहनत फुकट जाते. हयगय असेल तर भरपाई चालवणाऱ्यावर. म्हणूनच रोजची कीर्द (जमाखर्चाची रोजनोंद) दोन्ही भावांच्या मोबाइलवर दिसणे मोलाचे. उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा कुराणातील सर्वांत लांब आयतीत (२:२८२) आहे.

खरा पेच हापूसचा. बागा मोहरावरच कराराने दिल्या जातात, पण पिकू लागल्याची खूण दिसण्याआधी झाडावरचे फळ विकायला हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत) मनाई आहे. अवकाळी पावसाने मोहर गळाला, तर घेतलेले पैसे कशाचे? सलम करार ही त्यावरची वाट : किंमत पूर्ण आगाऊ, जात, प्रत, नग आणि दिवस ठरलेला, मात्र अमक्याच बागेचा माल अशी अट नाही. तेव्हा वहीत ‘वरच्या बागेची उचल’ लिहून भागत नाही. ‘हापूस, २५० ग्रॅमवरील फळ, पाच डझनी ४० पेट्या, २० एप्रिल’ अशी नोंद हवी.

खाताबुक (मोबाइल अ‍ॅप), टॅली (संगणकावरील हिशेबप्रणाली) यांसारख्या साधनांत उधारीची नोंद सोपी असते. टॅलीत थकबाकीवर व्याज काढण्याची सोय आहे, ती बंद ठेवता येते. बँकेने बचत खात्यात टाकलेले व्याज वेगळ्या खात्यावर काढावे. ते पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देतात.

जकातीला (संपत्तीवरील अनिवार्य धार्मिक दानाला) मार्चअखेरचा ताळेबंद उपयोगी पडत नाही, कारण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. आपली ठरलेली हिजरी तारीख धरून त्या दिवसाची रोकड, येणे आणि चालू भावाने विक्रीचा माल मोजावा. इस्लामी कायद्याच्या हनफी शाखेत त्यातून देणे वजा करतात; कोकणी मुस्लिम बहुतेक ज्या शाफई शाखेचे, तिच्या प्रचलित मतानुसार करत नाहीत. येणारी रक्कम निसाबाएवढी (जकात लागू होण्याची किमान मर्यादा; भारतात सामान्यतः ६१२.३६ ग्रॅम चांदीची किंमत) किंवा अधिक असल्यास २.५ टक्के जकात लागते. होडी, जाळी, तराजू, फ्रीझर ही धंद्याची साधने या मोजणीत येत नाहीत.