गुडघ्याजवळच्या हाडाच्या गाठीचं ऑपरेशन : योजनेत बसवायचं तर कागद कधी आणि कसे जमवायचे

गुडघ्याच्या वरचं मांडीचं हाड किंवा खालची नडगी, तिथे ऑस्टिओसारकोमा (हाडाचा कॅन्सर) निघाला की डॉक्टर सहसा लगेच ऑपरेशन करत नाहीत. आधी अडीच-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, परत केमो. घरच्यांना वाटतं ऑपरेशनला वेळ आहे, पैशाचं तेव्हा बघू. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की केमोचे हे पहिले तीन महिने म्हणजेच कागदांचे महिने, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर धावपळ सुरू केली तर उशीर झालेला असतो.

खर्च कशाचा ते आधी समजून घ्या. पूर्वी अशा गाठीत पाय सरळ मांडीतून काढायचे. आता बऱ्याच पेशंटचा पाय वाचतो, गाठ असलेला हाडाचा तुकडा सांध्यासकट काढतात आणि तिथे धातूचा मोठा सांधा बसवतात, त्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. काही ठिकाणी काढलेलं हाड रेडिएशन देऊन परत तिथेच बसवतात, तर काही लहान मुलांमध्ये घोट्याचा सांधा उलटा फिरवून गुडघ्याच्या जागी लावतात. तुमच्या पेशंटला यातलं काय करणार हे डॉक्टरांना विचाराच, कारण सांधा बसणार असेल तर बिलातला मोठा आकडा त्याचाच असतो आणि सगळी कागदपत्रं त्या आकड्याभोवती फिरतात.

पहिला दरवाजा राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा. आधी ही पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांपुरती होती (आणि काही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर), पण 28 जुलै 2023 च्या जीआरने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत नेलं. आयुष्मान भारत याच्याच जोडीने चालते, त्याचं कार्ड काढून ठेवा. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि नुसतं आहे नाही तर कॅन्सर सर्जरीसाठी आहे का, हे 155388 वर फोन करून विचारा.

हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, पहिल्याच दिवशी तिथे जा. रेशनकार्ड, पेशंटचं आधार, बायोप्सी रिपोर्ट, एमआरआय आणि छातीचा सीटी, डॉक्टरांचा सल्ला लिहिलेला कागद, सगळं ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स. मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागतं, तिला सगळे प्रीऑथ म्हणतात, ती ऑपरेशनच्या आधी यावी लागते. आधी पैसे भरून ऑपरेशन करून घेऊ आणि मग बिल लावू असं या योजनेत चालत नाही. आरोग्यमित्राला दोन गोष्टी स्पष्ट विचारा, एक म्हणजे ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये टाकलंय आणि त्यात सांधा धरलाय का, आणि दुसरं म्हणजे 5 लाखांतले किती उरलेत, कारण योजनेतून घेतलेली केमो याच रकमेतून वजा होत असते आणि हे ऑपरेशनच्या आठवड्यात कळलं तर हात-पाय गळतात.

नावं जुळवणं हे सगळ्यात किरकोळ वाटणारं आणि सगळ्यात जास्त अडवणारं काम. माझ्या भाचीच्या वेळी आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवलं आणि नुसतं बोट ठेवून दाखवलं, रेशनकार्डावर तिचं नाव ‘बबली’ होतं! घरात सगळे तेच म्हणायचे, कधीतरी कोणीतरी तेच लिहून दिलं, बारा वर्षं कोणाच्या लक्षात नाही. दुरुस्तीला 19 दिवस गेले, केमोची दुसरी सायकल त्यातच संपली, नशीब की तेव्हा हाताशी वेळ होता. म्हणून नाव, जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग आजच बघा.

योजनेत बसत नसेल किंवा पैसे कमी पडत असतील तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि खर्चाचं इस्टिमेट लागतं. हॉस्पिटल प्रायव्हेट असेल तर इस्टिमेटवर सिव्हिल सर्जनची सही-शिक्का हवा. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, म्हणून हॉस्पिटल या निधीकडे नोंदलेलं असावं लागतं. चौकशीचा नंबर 18001232211. इस्टिमेटमध्ये सांध्याची किंमत वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नुसतं ‘सर्जरी खर्च’ म्हणून एकच आकडा असला की पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीलाही अर्ज करता येतो, तिथे फोटो, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि आजार व अंदाजे खर्च लिहिलेलं डॉक्टरांचं ओरिजिनल पत्र लागतं.

धर्मादाय हॉस्पिटलं लोक विसरतात. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना 10 टक्के बेड निर्धन पेशंटना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना 1 लाख 80 हजार, दुर्बलांना 3 लाख 60 हजार. तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, काउंटरवर विचारत बसू नका.

आता एक कागद नसलेली पण कागदाइतकीच महत्त्वाची गोष्ट. बायोप्सीच्या रिपोर्टसोबत लॅबमधून मेणाचे ब्लॉक (गाठीचा काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात ते) आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलला त्या परत तपासायच्या असतात. आणि बायोप्सी अजून झाली नसेल तर जिथे ऑपरेशन होणार तिथेच करा. सुई जिथून जाते तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढावा लागतो, चुकीच्या जागेवरून घातली तर वाचणारा पाय धोक्यात येऊ शकतो. आमच्या गावाकडच्या एका हॉस्पिटलात गाठ म्हणजे पू समजून चीर दिली होती, पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी ती चीर बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला.

मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणार असाल तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, लहान मुलं असतील तर सेंट ज्यूडची सेंटर्स, टाटाच्या सोशल वर्करकडूनच पत्र घ्या.

डिस्चार्जच्या वेळी डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट तर घ्याच, पण सांध्याच्या बॉक्सवरचे स्टिकर फाइलला लावलेत का तेही बघा, त्यावर कंपनी, साइज आणि बॅच नंबर असतो. हा सांधा काही वर्षांनी सैल होऊ शकतो, बदलावा लागू शकतो, तेव्हा नवीन डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. आम्ही भाचीच्या स्टिकरचा फोटो घरातल्या चार जणांच्या मोबाइलमध्ये ठेवलाय.