बालकांमधील इन्शुलिन-रोध : वांशिक भेद

स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देईनाशा झाल्या की त्या अवस्थेस इन्शुलिन-रोध म्हणतात. दवाखान्यात ‘इन्शुलिन रेझिस्टन्स’ हेच नाव चालते. स्वादुपिंड जादा इन्शुलिन स्रवून ही कसर भरून काढते, म्हणून रक्तातील साखर कित्येक वर्षे ठीकच दिसते. इन्शुलिन-रोधासोबत पोटाभोवतीची चरबी, वाढलेली ट्रायग्लिसराइडे (रक्तातील एक प्रकारची चरबी), घटलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि चढता रक्तदाब आढळला तर पुढे मधुमेह व हृदयविकार होण्याचा संभव वाढतो. हीच चयापचयी जोखीम. वय व वजन सारखे असूनही ती वेगवेगळ्या वंशगटांतील मुलांत सारखी नसते.

या विषयातील जुना व भक्कम आधार म्हणजे अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बोगालुसा येथे जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ च्या सुमारास सुरू केलेली पाहणी. तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या रक्तात गोऱ्या मुलांपेक्षा इन्शुलिन अधिक आढळले. ट्रायग्लिसराइडे मात्र कमी आणि एचडीएल जास्त. इन्शुलिन वाढले की ट्रायग्लिसराइडेही वाढतात, या तोपर्यंतच्या समजाशी हे जुळत नव्हते.

रक्तात इन्शुलिन जास्त का, याची तीन कारणे संभवतात : ऊती त्याला जुमानत नसतील, स्वादुपिंड मुळातच जास्त स्रवत असेल, किंवा यकृत त्याचा निचरा कमी करत असेल. वाद येथेच आहे आणि त्याचे मूळ मोजमापाच्या पद्धतीत आहे. मोठ्या पाहण्यांत ‘होमा’ हा १९८५ साली मांडलेला निर्देशांक वापरतात : उपाशीपोटीचे इन्शुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर) गुणिले उपाशीपोटीची साखर (मिलिमोल प्रति लिटर), भागिले २२.५. एका रक्तनमुन्यात काम होते, पण वरील तीन कारणे त्यातून वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी क्लॅम्प पद्धत लागते. तीत शिरेतून इन्शुलिन ठराविक वेगाने देत राहतात आणि साखर स्थिर ठेवण्यास किती ग्लुकोज लागते ते मोजतात. जितके कमी लागेल तितका रोध जास्त. पद्धत विश्वसनीय, पण मुलाला तासन्‌तास सुई लावून पडून राहावे लागते, त्यामुळे अशा अभ्यासांत मुले थोडीच असतात. पिट्सबर्ग येथे सिल्व्हा अर्सलानियन यांनी ही पद्धत वापरून कृष्णवर्णीय मुलांची इन्शुलिन-संवेदनशीलता कमी आणि स्रवण अधिक असल्याचे दाखवले. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे मायकेल गोरान व बार्बरा गोवर यांना शिरेतून ग्लुकोज देण्याच्या चाचणीतूनही तसेच दिसले. विशेष म्हणजे या मुलांत पोटाच्या पोकळीतील चरबी गोऱ्या मुलांपेक्षा कमी असते. तेव्हा त्यांच्या रोधाचे खापर त्या चरबीवर फोडता येत नाही.

निचऱ्याचा पुरावा सी-पेप्टाइडमधून मिळतो. स्वादुपिंड इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू सोडते. यकृत पहिल्याच फेरीत सुमारे निम्मे इन्शुलिन टिपून घेते, सी-पेप्टाइडला मात्र फारसे अडवत नाही. कृष्णवर्णीय मुलांत इन्शुलिनच्या मानाने सी-पेप्टाइड कमी आढळते, म्हणजे यकृताचा निचरा मंद असतो. तिन्ही कारणे कमीअधिक प्रमाणात खरी असावीत; तरी केवळ उपाशीपोटीच्या इन्शुलिनवरून या मुलांतील रोध जोखला तर तो फुगवून सांगितला जाण्याचा धोका आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पौगंडावस्थेत सर्वच वंशांच्या मुलांची संवेदनशीलता तात्पुरती घटते. म्हणून तुलना करताना नुसते वय न पाहता वयात येण्याची पायरी पाहावी लागते.

हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) मुलांत यकृतातील चरबीचे प्रमाण अधिक असते. तिच्याशी पीएनपीएलए-३ या जनुकाच्या एका रूपाचा संबंध २००८ मध्ये दाखवला गेला.

दक्षिण आशियाई मुलांचे चित्र निराळे आहे. इंग्लंडमधील लंडन, बर्मिंगहॅम व लेस्टर येथील ९–१० वर्षांच्या मुलांच्या ‘चेस’ पाहणीत त्यांचे इन्शुलिन, एचबीए-१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) व ट्रायग्लिसराइडे गोऱ्या मुलांपेक्षा जास्त, तर एचडीएल कमी आढळले. हा फरक जन्माआधीच सुरू होतो, हे दाखवण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ पासून हाती घेतला. तेथील नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची होती. पुण्याची बाळे स्नायूंनी बारीक होती, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हेच ‘थिन-फॅट’ बाळ : दिसायला किडकिडे, पण आत चरबी राखून असलेले. लंडनमधील गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तातही इन्शुलिन जास्त निघाले. पुढे ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या मातांमध्ये गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी व फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होते त्यांच्यात इन्शुलिन-रोध सर्वाधिक दिसला (२००८). निम्म्याहून अधिक मातांना बी-१२ ची कमतरता होती.

उगमाविषयी दोन प्रमुख मते आहेत. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची (टंचाईच्या काळात तगण्यासाठी शरीरात चरबी साठवणाऱ्या जनुकाची) कल्पना मांडली, हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये गर्भातील कुपोषणावर भर दिला. मधुमेहाचे प्रमाण फार मोठे असलेल्या, ॲरिझोनातील पिमा या मूळ अमेरिकी समाजाचा दाखला पूर्वी पहिल्या मतासाठी देत. पण त्याच समाजात, आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या भावंडांना तो होण्याचा धोका आधी जन्मलेल्यांपेक्षा जास्त आढळला. आईबाप तेच, म्हणून या फरकाचे कारण जनुकांपेक्षा गर्भातील परिस्थितीत शोधावे लागते. शिवाय ‘वंश’ हा शब्द या अभ्यासांत बहुधा कुटुंबाने स्वतः सांगितलेला गट दर्शवतो. त्यात गरिबी, वस्ती, आहार व भेदभाव हे सारे मिसळलेले असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये वांशिक भेदभावाचा मुलांच्या आरोग्यावरील परिणाम स्वतंत्र निवेदनातून मांडला.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या निकषांत १० वर्षांखालील मुलास चयापचयी लक्षणसमूहाचे (वरील जोखमीची लक्षणे एकत्र आढळण्याचे) निदान देत नाहीत; १० ते १६ वयोगटासाठी कंबरेचा घेर ९० व्या शतमकाइतका (म्हणजे शंभरांपैकी नव्वद मुलांपेक्षा मोठा) वा अधिक असणे आवश्यक असून ट्रायग्लिसराइडांची मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. कृष्णवर्णीय मुले रोध असूनही अनेकदा या मर्यादेखाली राहतात, तर थिन-फॅट मूल वजनकाट्यावर निरोगी ठरते. मानेमागे व काखेत येणारी काळपट, मखमली त्वचा ही रोधाची बाहेरून दिसणारी खूण आहे. सावळ्या मुलांत ती मळ समजून घासली जाते. घासून ती जात नाही, उलट त्वचा सोलवटते; अशा मुलाचा कंबरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासून घेणे आवश्यक असते.