कॅसेटच्या व्हिडिओ गेमची पार्श्वभूमी: जपानी रचना, तैवानी चिप आणि आपला पाल टीव्ही

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जो खोका टीव्हीला जोडला जायचा, त्याच्यावर सामुराई, मीडिया किंवा आणखी कुठलं तरी नाव छापलेलं असे. आतली रचना मात्र बहुतेक वेळा एकाच यंत्राची नक्कल होती, निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटरची, म्हणजे फॅमिकॉमची. आज तेच खेळ इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमवर) किंवा जपानहून मागवलेल्या यंत्रावर खेळताना अनेकांना मारिओ जास्त जोरात पळतोय असं वाटतं, आणि आवाजही निराळा लागतो. हा स्मरणशक्तीचा दोष नाही. फरक खरा आहे, मोजता येतो, आणि त्याचं कारण खोक्यातल्या, यंत्राला ठेका देणाऱ्या एका क्रिस्टलपाशी आणि दोन चिपपाशी सापडतं.

फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीला आला. मासायुकी उएमुरा यांच्या गटापुढचं उद्दिष्ट स्पष्ट होतं: आर्केडमधला ‘डाँकी काँग’ घरच्या टीव्हीवर चालला पाहिजे, तोही परवडणाऱ्या किमतीत. त्या काळी मेमरी महाग होती. म्हणून यंत्रात प्रोसेसरसाठी फक्त २ किलोबाइट रॅम आणि चित्रासाठी वेगळी २ किलोबाइट रॅम ठेवली. बाकी सगळा भार रिको कंपनीच्या दोन चिपांवर टाकला. पहिली २ए०३: तिच्यात ६५०२ जातीचा प्रोसेसर आणि पाच वाहिन्यांचा ध्वनिविभाग एकत्र. दुसरी २सी०२: ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे जुळवून २५६ बाय २४० ठिपक्यांचं चित्र उभं करणारी चिप. हलणाऱ्या आकृत्या एकूण ६४, पण एका आडव्या ओळीत आठच. नववी आली की ती दिसत नाही, म्हणून खेळ लिहिणारे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, आकृत्यांचा क्रम फिरवत आणि गर्दीत शत्रू लुकलुकत. त्यासाठी यंत्र उघडून काही उपयोग नाही, ती मूळ रचनेचीच मर्यादा आहे.

या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट कॅसेटच्या ६० पिनांमध्ये आहे. बहुतेक कॅसेटमध्ये दोन वेगळ्या रॉम, म्हणजे कायम साठवलेल्या मेमरी-चिप असतात. एकीत प्रोग्रॅम, दुसरीत चित्रांचे तुकडे. पहिली थेट प्रोसेसरला जोडली जाते, दुसरी थेट चित्राच्या चिपला. मधे कुठेही ‘लोड’ होत नाही. कॅसेट खाचेत बसली की ती यंत्राच्या सर्किटचाच भाग बनते. म्हणूनच बिघाडाच्या रूपावरून दोष कुठे आहे ते कळतं. पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही, तर प्रोसेसरकडच्या पिनांना संपर्क नाही. खेळ सुरू आहे, संगीत नीट आहे, पण अक्षरांच्या जागी कचरा किंवा उभ्या रेघा दिसतात, तर चित्राकडच्या पिना मळल्या आहेत.

दोन्हींवर आपल्याकडचा इलाज एकच होता, कॅसेटमध्ये फुंकर मारणं. त्यानंतर खेळ चालायचा तो बहुतेक वेळा कॅसेट पुन्हा काढून घातल्यामुळे. फुंकरीतली ओल पिनांवर बसते आणि तांब्याला गंज धरतो. ९० टक्क्यांहून वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना उभ्या दिशेने पुसाव्यात, काडी काळी निघणं थांबेपर्यंत, आणि पाच मिनिटं वाळू द्यावं. पॉलिश पेपर लावू नये, सोन्याचा मुलामा गेला की पिन पुन्हा पुन्हा मळते.

१९८५ मध्ये हेच यंत्र अमेरिकेत एनईएस म्हणून गेलं. तिथे कॅसेट ७२ पिनांची झाली आणि तिच्यात आणि यंत्रात अशा दोन्हीकडे कुलूप-चिप बसवली गेली. दोघींचा संवाद जुळला नाही की यंत्र सेकंदाला एकदा रीसेट होत राहतं आणि लाल दिवा लुकलुकतो. जपानी फॅमिकॉमला असं कुलूप नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी ६० पिनांचं जपानी रूप उचललं, यामागे हे मोठं कारण होतं.

पण नक्कल जशीच्या तशी करून आपल्याकडे चालली नसती. जपान आणि अमेरिकेचा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, त्यावर यंत्र सेकंदाला ६० फ्रेम काढतं. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं, सेकंदाला ५० फ्रेम. फॅमिकॉमचा मुख्य क्रिस्टल २१.४७७ मेगाहर्ट्झचा असतो; त्याला ६ ने भागलं की एनटीएससीची रंगलहर, म्हणजे रंगाची माहिती वाहणारी लहर मिळते, ३.५८ मेगाहर्ट्झ. पालची रंगलहर ४.४३ मेगाहर्ट्झची, म्हणजे क्रिस्टल २६.६०१ मेगाहर्ट्झचा हवा. क्रिस्टल बदलला की प्रोसेसरचा वेगही बदलतो, आणि खरी गुंतागुंत इथे सुरू होते.

युरोपसाठी निन्टेंडोने काढलेल्या पाल यंत्रात या क्रिस्टलला १६ ने भागून प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालवला. मूळचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ. परिणामी टीव्हीची एक ओळ रेखाटली जाईपर्यंत प्रोसेसरला मूळ यंत्रात ११३.६७ ठोके (कामाच्या पायऱ्या) मिळत, इथे १०६.५६. ओळी मोजून पडद्याचे भाग बदलणारे जपानी खेळ या यंत्रावर थरथरत किंवा अडकत. सुरांची पट्टीही अर्ध्या स्वराहून थोडी जास्त उतरली. म्हणून युरोपसाठी अनेक खेळ दुरुस्त करून द्यावे लागले.

तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे यूएमसीच्या अभियंत्यांनी वेगळा मार्ग घेतला, आणि तो जास्त शहाणपणाचा होता असं मला वाटतं. त्यांच्या यूए६५२७पी या प्रोसेसरने तोच क्रिस्टल १५ ने भागला. वेग आला १.७७३ मेगाहर्ट्झ, मूळ यंत्रापेक्षा जेमतेम एक टक्का कमी. जोडीची यूए६५३८ ही चित्राची चिप पालच्या ३१२ ओळी पूर्ण करते, पण दृश्य २४० ओळी संपल्यावर ५१ ओळी नुसत्या रिकाम्या घालवते आणि मगच प्रोसेसरला ‘चित्र बदलायची वेळ झाली’ असा संकेत देते. त्यानंतर हाती उरतात २० ओळी, जपानी यंत्राइतक्याच. खेळाच्या दृष्टीने जणू काही बदललंच नाही. एका ओळीमागचे ११३.६७ ठोकेही जसेच्या तसे राहिले. त्यामुळे जपानी कॅसेटमधले बहुतेक खेळ दुरुस्ती न करता पाल टीव्हीवर चालले. रशियात ‘डेंडी’ नावाने विकल्या गेलेल्या यंत्रांतही हीच रचना होती, म्हणून आज तिला डेंडी पद्धत म्हणतात.

किंमत एकच मोजावी लागली. खेळाची हालचाल आणि संगीताची लय फ्रेमवर चालते, आणि फ्रेम ६० ऐवजी ५०. त्यामुळे सगळं सुमारे १७ टक्के संथ झालं, पण सूर जवळपास जागेवर राहिले. आपण मारिओ शिकलो तो हा संथ मारिओ.

आवाज निराळा लागण्याचं कारण आणखी बारीक आहे. अनेक तैवानी प्रोसेसरांत चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची, २५ टक्के वेळ वर असणारी आणि ५० टक्के वेळ वर असणारी, अदलाबदल झालेली आहे. चाल तीच राहते, पण जिथे भरीव आवाज हवा तिथे नाकातला येतो आणि उलट.

पुढे यूएमसीनेच यूएम६५६१ मध्ये प्रोसेसर, चित्राची चिप आणि रॅम एकत्र आणली. नंतरच्या स्वस्त खोक्यांत तर बोर्डावर काळ्या राळेचा एक थेंब आणि चार सुटे भाग एवढंच उरलं. थेंबाखालचं सिलिकॉन बिघडलं तर दुरुस्ती नाही. जुन्या, ४० पायांच्या दोन मोठ्या आयसींच्या खोक्यात मात्र सुटी चिप बदलता येते. असा खोका मिळाला तर टाकून देऊ नये.

‘९९९९ इन १’ कॅसेटही याच रचनेतून आली. सुरुवातीचे खेळ लहान होते: ‘बॅटल सिटी’ २४ किलोबाइट, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४०. मोठी रॉम घेऊन तिचे ३२ किलोबाइटचे तुकडे निवडणारी एक साधी लॅच चिप जोडली की काम झालं. मेनूतले हजारो आकडे त्याच वीस-पंचवीस खेळांचे, कधी सुरुवातीची पातळी बदललेली, कधी फक्त नाव. ‘काँट्रा’ एकटाच १२८ किलोबाइटचा आणि त्याला स्वतःची तुकडे बदलणारी चिप लागते, म्हणून तो अशा यादीत सहज मावत नसे.

आज जुनं यंत्र सुरू करायचं असेल तर आधी झाकण उघडून क्रिस्टलवरचा आकडा वाचावा. २६.६०१ असेल तर ते पालचं. २१.४७७ असेल तर फक्त पाल चालणाऱ्या टीव्हीवर चित्र कृष्णधवल येईल किंवा फिरत राहील. चित्र स्वच्छ पण आवाजाऐवजी फक्त खरखर येत असेल तर आरएफ मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज टीव्हीच्या चॅनलवर पाठवणारा भाग) दुसऱ्या देशासाठी जुळवलेला आहे. आपल्याकडे ध्वनीची लहर चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते, चीनमध्ये ६.५ वर. मॉड्युलेटरमधली आवाजाची कॉइल प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवून तो फरक बहुधा भरून निघतो.

अडॅप्टरची चूक सर्वांत महाग पडते. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात आणि मधली पिन ऋण असते. त्याचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला की जळतो. अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्टचा पण एसी देतो; फॅमिकॉमला तो कधीही लावू नये. नकली खोके बहुधा ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पण मधली पिन धन की ऋण हे खोक्यागणिक बदलतं. मल्टिमीटरने खात्री करूनच लावावा.

गनने बदकं टिपायचा खेळ मात्र जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीशिवाय जमत नाही. चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि गनमधला प्रकाश-संवेदक तो त्याच क्षणी टिपतो. एलसीडी पडदा तेच चित्र काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर यंत्राने नेम चुकल्याची नोंद केलेली असते.

इम्युलेटरवर मात्र लहानपणचा वेग आणि आवाज दोन्ही मिळतात. मेसेन किंवा एफसीईयूएक्समध्ये प्रदेश म्हणून ‘डेंडी’ निवडावा. ‘पाल’ निवडला तर युरोपी यंत्राचं गणित लागतं आणि जपानी खेळांच्या पडद्याचे भाग थरथरू लागतात. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये चौकोनी लहरींच्या अदलाबदलीचा पर्याय चालू करावा.